भासऱ्याची खुर्ची

सुभद्रेच्या नाकात नळी होती, हाताला सलाईन होतं आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालायला बंदी होती. धोंडबा कापसाचा बोळा ओला करून बायकोच्या ओठांवरून फिरवायचा, तेवढंच. ऑपरेशन चांगलं झालं होतं. आतड्याला पीळ पडला होता. तो डॉक्टरांनी सोडवला, काळा पडलेला तुकडा कापून टाकला आणि दोन टोकं जोडून दिली. आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. रोज सकाळी मोठे डॉक्टर यायचे, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय आजी, गॅस पास झाला का?"

सुभद्रा डोळे मिटून घ्यायची.

"नाही? बरं. नळी राहू द्या. तोंडाने काही नाही." आणि डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळायचे.

सत्तरीला टेकलेला धोंडबा बायको कधी पादते याची वाट पाहत बसला होता. दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पहिल्या दिवशी तो स्वतःही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तो आवाज एकदाही ऐकलेला नाही. पोटात गुबारा धरला की सुभद्रा उठून परसात जायची.

"कुठी चालली वं?"

"कोंबड्या पाहाले."

पुढे कोंबड्या विकल्या. तरी ती कोंबड्या पाहायला जातच राहिली. नंतर मुलगा धर्मेंद्र बुटीबोरीच्या कापड गिरणीत लागला, त्याने मनीषनगरला फ्लॅट घेतला आणि आईबापाला गावाहून नागपूरला आणलं. तिथे परस नव्हतं. मग ती वाळत घातलेले कपडे पाहायला गच्चीवर जायची, लिफ्ट बंद असली तरी.

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला कामिनी नावाची सिस्टर असायची. हसरी होती, म्हाताऱ्या माणसांशी नीट बोलायची. धोंडबाने तिलाच विचारलं, "ताई, हिनं तं इतक्या दिवसापासून काहीच नाही खाल्लं. मंग गॅस येईन कुठून?"

"बाबाजी, उपाशी आपण राहतो. पोटातले जंतू थोडेच उपाशी राहतात?" सलाईनची बाटली बदलता बदलता कामिनी म्हणाली. "मोठ्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. तिथे हवा नसते, आणि त्यांना ती लागतही नाही. आपल्याला जे पचत नाही, डाळीची सालं, भाजीचा चोथा, ते यांचं जेवण. ते खातात आणि गॅस सोडतात. वरून काही आलंच नाही तर आतड्याला आतून जो चिकट थर असतो, तो खातात."

"कोणता गॅस सोडतात?"

"हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइड. कोणाकोणाच्या पोटात मिथेनपण होतो. या तिन्हींना वास नसतो. वास येतो तो गंधकवाल्या गॅसचा, आणि तो जरासाच असतो."

"मिथेन?" धोंडबा एकदम सरळ झाला. "म्हणजे आमचा गोबरगॅस!"

"तोच."

धोंडबा गवंडी होता. कुही, भिवापूर, हिंगणा, या सगळ्या भागात त्याच्या हातच्या गोबरगॅसच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या होत्या. विटांचा घुमट बांधायचा, आतून सिमेंट घोटून घोटून असं गुळगुळीत करायचं की सुईच्या टोकाएवढी हवा सुटणार नाही, मग शेणकाला भरायचा आणि आतल्या जंतूंवर सोडून द्यायचं. पहिली टाकी त्याने स्वतःच्या घरामागे बांधली होती. तिच्यात शेण कालवलं सुभद्रेने, कोपरापर्यंत हात घालून. पहिले काही दिवस येणारा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. शेजारीपाजारी येऊन हसून गेले. मग एका सकाळी निळी ज्योत धरली. सुभद्रेने तिच्यावर चहा ठेवला. शेजारणी म्हणाल्या, शेणाचा चहा आम्ही नाही पीत बाई. तिने त्यांच्यासमोर दोन कप पिऊन दाखवला आणि तिसरा धोंडबाला दिला.

"गॅस तर आत होतोच आहे," कामिनी सांगत होती. "पण ऑपरेशननंतर आतडं झोपून जातं. ते सरकत नाही, म्हणून गॅस पुढे ढकलला जात नाही. गॅस बाहेर आला म्हणजे समजायचं, आतडं जागं झालं. तोवर खायला-प्यायला दिलं तर ते खाली जाणार नाही, वर येईल. म्हणून नळी. तुम्ही असं करा, आजींना उठवा, धरून धरून चालवा. चालल्याने लवकर होतं."

कामिनी गेल्यावर धोंडबा बायकोच्या कानाशी वाकला. "आयकलं का? तुह्या पोटात बी आपलीच टाकी हाय म्हणते. मी उगाच इटा वाह्यल्या जिंदगीभर."

सुभद्रेच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच कळ येऊन तिने पोट धरलं. "हासवू नका जी. टाके तुटतीन."

"चाल मंग, उठ. व्हरांड्यात दोन चकरा मारू."

सुभद्रेने मान जराशी वळवून पलंगापलीकडे पाहिलं, अंगावरची हिरवी चादर कपाळापर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

पलंगापलीकडे खुर्ची होती. खुर्चीवर महादेवराव बसले होते.

महादेवराव म्हणजे धोंडबाचे मोठे भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा हेच इतवारीत धान्याच्या दुकानात लागले, पोती मोजून मोजून त्यांनी घर चालवलं, धोंडबाला गवंड्याच्या हाताखाली घातलं आणि त्याचं लग्न लावून दिलं. सुभद्रेला पाहायला तेच गेले होते. ऑपरेशन झाल्याचं कळलं त्या दिवसापासून ते रोज सकाळी ऑटोने यायचे, पांढरी टोपी, बगलेत पेपर, हातात डबा, आणि खुर्चीवर बसायचे ते संध्याकाळी भेटीची वेळ संपेपर्यंत. राउंडच्या वेळी बाकीच्या नातेवाइकांना बाहेर काढायचे, पण या शांत म्हाताऱ्याला कोणी उठवत नसे. "बिमार माणसापाशी माणूस पायजे," ते म्हणायचे. त्यांचा डबाही तिथेच व्हायचा.

आणि नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे सुभद्रेचा भासरा. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, आवाज चढवायचा नाही, बाजेवर बसायचं नाही. तो एका दाराने आत आला की आपण दुसऱ्या दाराने बाहेर. लग्न होऊन आली तेव्हापासून सुभद्रा महादेवरावांशी सरळ एक वाक्य बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं, "जेवाले वाढलं म्हणा." तेही तिला कधी नावाने हाक मारत नसत. आता तीच बाई त्यांच्यासमोर दिवसभर आडवी पडलेली होती. अंगात हॉस्पिटलचा झगा, मागून उघडा, दोन नाड्यांवर अडकवलेला. डोक्यावर घ्यायला पदर नाही म्हणून चादर. उठून उभं राहायचं म्हणजे त्या झग्यात उभं राहायचं.

धोंडबाला हे सगळं दिसत होतं. एवढंच करायचं होतं की भावाला म्हणायचं, दादा, जरा बाहेर बसा.

"दादा, खाली कँटीनमध्ये चहा चांगला भेटते. घेऊन येता का?"

"सकाळीच झाला माहा."

"मंग जरा पाय तरी मोकळे करा. बसून बसून आखडले असतीन."

"माह्ये पाय बरे हायेत. तूच जा, रातभर उभा हायेस. मी हाय न इथं."

"तसं नाही दादा. हिले जरा..."

महादेवरावांनी पेपर खाली केला. "काय हिले?"

वाक्य धोंडबाच्या जिभेवर येऊन बसलं होतं. ज्या भावाने आपल्याला वाढवलं त्याच्या तोंडावर हे कसं म्हणायचं, की माझ्या बायकोला पादायचं आहे, तुम्ही उठा? आणि दुसरं काही सांगितलं तर ते काहून म्हणून विचारणार. "झोप येऊन राहिली हिले," तो म्हणाला.

"झोपू दे न मंग. मी काय बोलून राहिलो? पेपर तं वाचून राहिलो." आणि त्यांनी पान उलटलं.

शेजारच्या पलंगावर यमुताई होती. कॉटन मार्केटमध्ये भाजीचं दुकान, नवरा कधीचाच वारलेला, दोन धिप्पाड पोरं. तिचंही पोट कापलेलं, तिच्याही नाकात नळी, तिलाही रोज तोच प्रश्न. पण ती डॉक्टरांना उलट विचारायची, "तुमचा झाला का आज?" डॉक्टरांनाही हसू यायचं. एका दुपारी सगळा वॉर्ड पेंगत असताना यमुताईच्या पलंगावरून लांबलचक आवाज आला. फटाक्याची लड लावावी तसा. मग यमुताई स्वतःच ओरडली, "झाला रे पोट्टेहो! झाला! बोलवा त्या पोरीले!"

पोरं आईच्या पाया पडली. धाकटा धावत कामिनीला बोलवायला गेला. वॉर्डातले सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी यमुताईच्या नाकातली नळी निघाली आणि ती बशीत ओतून चहा प्यायली. पोरांनी वॉर्डभर पेढे वाटले. धोंडबालाही एक मिळाला. तो त्याने खिशात ठेवला.

"तुले कायची लाज वाटते वं बाई?" यमुताई सुभद्रेला म्हणाली. "राजाले येते, रानीले येते. सोडून दे न."

सुभद्रेने चादरीआडून महादेवरावांच्या दिशेला डोळे वळवले. यमुताईने तिकडे पाहिलं, मग धोंडबाकडे पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं. धोंडबाने मान खाली घातली.

त्याच्या मनात त्याच्या टाक्या घोळत होत्या. गॅस वापरलाच नाही, नळाचा कॉक बंद राहिला, तर आत दाब वाढतो. जंतू थांबत नाहीत, त्यांना कोण सांगणार की बाबांनो, आता बस करा. मग घुमटातला गॅस शेणकाल्याला खाली दाबतो आणि ज्या तोंडातून शेण घातलं त्याच तोंडातून ते वर यायला लागतं. लोक घाबरून निरोप पाठवायचे. तो सायकलवर जायचा, कॉक उघडायचा, फुस्स करून गॅस निघून जायचा आणि शेणकाला आपल्या जागी बसायचा. एका मिनिटाचं काम. इथे कॉक त्याच्या हातात नव्हता. पण खुर्ची तर होती.

उद्या सांगतो, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रोजच्यापेक्षा लवकर आले. सोबत शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, मुलं, मुली, सगळे वह्या-मोबाईल घेऊन. महादेवराव नुकतेच येऊन बसले होते.

"काय आजी? आज तरी गॅस पास झाला का?"

सुभद्रेने डोळे मिटले.

"आजी, असं डोळे मिटून नाही चालणार. बोलायचं. झाला, की नाही झाला?"

घोळक्यातली एक मुलगी ओठ दाबून हसली. सुभद्रेने चादर आणखी वर ओढली. तेव्हा महादेवरावांनी पेपरची घडी केली आणि पलंगाकडे न पाहता, धोंडबाकडे पाहून म्हणाले, "विचार गा तिले. साहेब उभे हायेत. मोठ्या माणसाले असं ताटकळवत नाही ठेवत."

भासऱ्याचा शब्द होता. चादरीआड सुभद्रेची मान हलली. एकदा, वरून खाली.

"झाला?"

मान पुन्हा हलली.

"व्हेरी गुड!" डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पोटावर टेकवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हाताने फोन कानाला लावत त्यांनी दुसऱ्या हाताने कामिनीला खूण केली, नळी काढा, पाणी-चहा सुरू करा. आणि घोळका पुढे सरकला.

नळी काढताना कामिनीने खाली वाकून विचारलं, "नक्की ना आजी?" खुर्ची तिथून हातभर अंतरावर होती. जे भासऱ्यासमोर एकदा कबूल केलं ते आता नाही कसं म्हणायचं? मान तिसऱ्यांदा हलली.

धोंडबाला इतका आनंद झाला की त्याने काही विचारलंच नाही. पहाटे आपण तोंड धुवायला गेलो तेव्हा झालं असेल, असं त्याने धरून टाकलं. खिशातला पेढा काढून त्याने अर्धा स्वतः खाल्ला. धर्मेंद्रला फोन केला, "झालं रे बापा, सुटली तुही माय." महादेवराव तर चक्क खुर्चीवरून उठले. स्वतः खाली गेले, आणि स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याने आपल्या हाताने तिच्यासाठी काही आणलं होतं. ग्लास त्यांनी धोंडबाच्या हातात दिला आणि पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

"पुरा पाज गा तिले. सुकली बिचारी."

कामिनीने घोट घोट सांगितलं होतं. सुभद्रेने भिंतीकडे तोंड करून ग्लास रिकामा केला. भासऱ्याने आणलेला चहा उष्टा कसा टाकायचा? दुपारी धर्मेंद्रची बायको भूमिका मुगाच्या डाळीचं पाणी घेऊन आली. तेही ती प्यायली. तिला तहानही लागली होती, इतक्या दिवसांची.

संध्याकाळी महादेवराव म्हणाले, "मी टेकडी गणपतीले नारळ फोडून येतो. बोललो होतो मी." आणि ते गेले.

खुर्ची रिकामी झाली. ते दाराबाहेर पडले, चपलांचा आवाज व्हरांड्यात विरला, तेव्हा सुभद्रेने तोंडावरची चादर काढली. तिचा चेहरा मातकट झाला होता.

"अजी."

"काय वं?"

"झाला नाही."

"काय झाला नाही?"

"तेच. सकाळी झाला नव्हता. आतापावतो नाही."

धोंडबाला काही क्षण समजलंच नाही. "मंग मान काहून हालवली?"

"त्याइच्यासमोर काय सांगू मी? एवढ्या पोट्ट्यापोट्टीइच्यासमोर? ते म्हणले साहेब उभे हायेत म्हणून." तिला श्वास पुरत नव्हता. "पोट पाहा न जी. लय तडतड करून राहिलं."

त्याने चादर बाजूला केली. पोट वर आलं होतं, घुमटासारखं. नव्या टाकीचं प्लास्टर तपासताना वाजवायचा तसं त्याने बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं. ठण् आवाज आला.

"पडून राह्य. हालू नको. आलोच मी."

तो टेबलाकडे धावला. कामिनीची पाळी संपली होती. दुसरी सिस्टर होती, तिने कागद पाहिला. "काका, गॅस पास झालाय. इथे लिहिलंय ना."

"नाही झाला, ताई. ते खोटं हाय. तिनं लाजून मान हालवली."

"म्हणजे?"

"अवं ताई, नाही पादली ते! नाही पादली!"

तो ओरडलाच. व्हरांड्यातले लोक वळून पाहायला लागले. ज्या वाक्यासाठी त्याने इतके दिवस घालवले ते असं भर व्हरांड्यात, अनोळखी पोरीसमोर, तोंडातून बाहेर पडलं. सिस्टरने फोन उचलला. आणि तेव्हाच आतून यमुताईची किंकाळी आली, "अरे पळा कोणी! वकून राहिली ते!"

जे खाली जायला हवं होतं ते सगळं वर आलं. चहा, डाळीचं पाणी, हिरवं, काळं. उताणी पडलेल्या सुभद्रेला कुशीवर वळायला जमलं नाही. यमुताई आपल्या टाक्यांची पर्वा न करता पलंगावरून उतरली आणि तिने तिला धरून वळवलं, पण तोवर फुप्फुसात उतरायचं ते उतरलं होतं. पडदा ओढला गेला. महादेवराव प्रसादाची पुडी घेऊन आले तेव्हा पलंग रिकामा होता आणि आया फरशी पुसत होती.

आयसीयूत दोन दिवस यंत्रावर ठेवली. मग यंत्रही काढलं.

"पेशंटनेच सांगितलं होतं ना गॅस पास झाला म्हणून," मोठे डॉक्टर म्हणाले. या वेळी ते हळू आवाजात बोलले. केबिनचं दारही लावून घेतलं होतं.

तेरवी मनीषनगरच्याच एका हॉलमध्ये केली. धर्मेंद्रच्या गिरणीतले लोक आले, गावचे आले, फोटोला हार घातला. पोटाची जखम अजून दुखत असतानाही यमुताई थोरल्या पोराला धरून आली आणि बायकांत जाऊन बसली. जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. गावचे सरपंच बोलले, एक व्याही बोलले. शेवटी महादेवराव उठले. हातात माइक धरता येत नव्हता, तो धर्मेंद्रने धरला.

"मी काय बोलू?" महादेवराव म्हणाले. "मीच पाहून आणली होती तिले. आजकालच्या पोरीइले समजणार नाही, म्हणून सांगतो. इतक्या वर्षांत माह्यासमोर तिचा डोक्शावरचा पदर ढळला नाही. माह्यासमोर तिचा आवाज कोणी आयकला नाही. शेवटच्या बिमारीत बी, एवढी तकलीफ, पण मर्यादा सोडली नाही त्या लक्षुमीनं. अशी बाई..." बायकांमध्ये हुंदके सुरू झाले. पुरुष माना हलवत होते.

धोंडबा पहिल्या रांगेत बसला होता. तो उठला.

"दादा, बसा तुमी. मी सांगतो."

धर्मेंद्रला वाटलं, बाबा आभार मानतील. त्याने माइक पुढे केला. धोंडबाने तो बाजूला सारला.

"सुभद्रा बिमारीनं नाही मेली," तो म्हणाला. "आपरेशन चांगलं झालं होतं. तिले फक्त पादाचं होतं."

मागच्या रांगेतलं एक पोरगं फिसकन हसलं आणि कोणीतरी त्याच्या टाळक्यात मारली.

"बाबा, बसा न," धर्मेंद्रने सदरा ओढला.

"थांब. डॉक्टर रोज विचारे, गॅस पास झाला का. तो झाल्याशिवाय पाणी पाजाचं नव्हतं. तिच्यानं उठून चालनं झालं नाही, काहून तं समोर भासरे बसले होते. नाही झाला म्हणून सांगनं झालं नाही, काहून तं समोर भासरे बसले होते. मंग तिनं झाला म्हणून मान हालवली. चहा पेली. आन मेली." त्याचा आवाज चढला नव्हता. भाव विचारावा तसा तो बोलत होता. "माह्यासंगं टाक्या बांधल्या तिनं. कोपरापावतो शेणात हात घाले, तवा लाज नाही वाटली तिले. लोक हासले तवा नाही वाटली. हे एकच शिकोलं होतं तिले आपण सगळ्याइनं मिळून, ते तिनं मरेपावतो पाळलं. आता तुमी त्याची तारीफ करून राहिले."

यमुताईने पदराने नाक पुसलं.

महादेवराव उभेच होते. रागावतील, ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मंग मले सांगाचं न गा, धोंडबा. 'दादा, बाहीर बसा.' एवढंच म्हणाचं होतं. मी काय नाही म्हणलो असतो?"

ते नाही म्हणाले नसते. लगेच उठले असते, काहून म्हणून विचारलंही नसतं कदाचित. हे धोंडबाला तेव्हाही ठाऊक असायला हवं होतं.

कोणीतरी घाईघाईने म्हणालं, चला, पंगत बसवा, अन्न थंड होऊन राहिलं. लोक सुटल्यासारखे उठले. पत्रावळी मांडल्या गेल्या, वडाभाताचा वास सुटला, वाढणाऱ्यांची धावपळ सुरू झाली. धोंडबाला कोणी हाक मारेना आणि तो जागेवरून हलेना.

महादेवरावांनी पहिल्या रांगेतली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली. कोणाला हात लावू दिला नाही. ती घेऊन ते हळूहळू हॉलच्या दाराबाहेर गेले, चपलांच्या ढिगाशेजारी ती ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

थोड्या वेळाने भूमिका त्यांचं ताट घेऊन निघाली. दिवसभर ती डोकं उघडं ठेवूनच वावरत होती, एरवी ऑफिसला जाणारी मुलगी. दारापाशी आल्यावर ती थांबली. ताट एका हातावर तोललं, दुसऱ्या हाताने साडीचा पदर चाचपला, आणि तो डोक्यावरून पुढे, पार कपाळापर्यंत ओढून घेऊन ती बाहेर गेली.